पार्टचा सर्च वीस सेकंद घेतोय? सर्व्हर नंतर घ्या, आधी टेबलं बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगावला होलसेल, धुळ्याला आणि शिरपूरला ब्रांच. टू-व्हीलर, पिकअप, ट्रॅक्टर सगळं मिळून कॅटलॉगमध्ये बारा लाखांच्या आसपास पार्ट. आधी सगळं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये होतं, मग कोणीतरी ते जसंच्या तसं मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसमध्ये ओतून दिलं, आणि आता काउंटरवरच्या पोराने बोलेरो क्लचप्लेट टाकलं की वीस-पंचवीस सेकंद चकरी फिरत बसते आणि गिऱ्हाईक तोवर शेजारच्या दुकानात जाऊन पार्ट घेऊन मोकळं. त्यात एकजण सांगतो मोंगो हा दुसरा डेटाबेस टाका, दुसरा सांगतो इलॅस्टिकसर्च हे वेगळं सर्च इंजिन, तिसरा म्हणतो क्लाउडवर मोठं मशीन घ्या.

माझ्या मते यातलं काहीच आत्ता नको. बारा लाख ओळी म्हणजे आजच्या डेटाबेसला नाश्ता पण नाही. तुमचं हळू चालतंय कारण प्रत्येक सर्चला त्याला सगळ्या बारा लाख ओळी पहिल्यापासून वाचाव्या लागतायत, मशीन मोठं घेतलं तर तीच वाचणी जरा पटकन होईल, वीसचे आठ सेकंद होतील, आणि कॅटलॉग वाढला की परत तिथंच. तुम्ही जे टेबल दाखवलंय त्यात पार्ट नंबर, वर्णन, कोणत्या गाडीला लागतो ते एका लांबलचक मेमो (मोकळ्या मजकुराच्या) कॉलममध्ये, एमआरपी, जीएसटी, स्टॉक सगळं एकाच ओळीत कोंबलंय. खरं दुखणं तिथं आहे.

आधी नक्की काय हळू आहे ते बघा, अंदाजाने काही करू नका. स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या हळू प्रश्नांची (क्वेऱ्यांची) नोंद, चालू करा, एक सेकंदाच्या वर जाणारं सगळं आठवडाभर पकडा. बहुतेक वेळा चार-पाच प्रकारच्याच क्वेऱ्या सगळा वेळ खात असतात. त्या एकेक करून एक्सप्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावून बघा, टाइपच्या कॉलममध्ये ऑल दिसलं की समजायचं की हा गडी पूर्ण टेबल वाचतोय.

आता पार्ट नंबर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण निम्मी लढाई इथंच आहे. एकच नंबर बॉक्सवर डॅश टाकून, कंपनीच्या पीडीएफमध्ये स्पेस सोडून आणि तुमच्या जुन्या बिलात सलग असतो. बॉशचे दहा आकडी नंबर स्पेस देऊन छापलेले असतात आणि बरेच शून्याने सुरू होतात. मेकॅनिक व्हॉट्सअपवर मराठी आकड्यांत टाइप करतो. म्हणून तुमच्या प्रोग्रामरने काय केलंय, सर्च करताना कॉलमवरच रिप्लेस (डॅश-स्पेस काढणारं) आणि अप्पर (कॅपिटल करणारं) फंक्शन लावलंय. असं कॉलमवर फंक्शन लावलं की त्या कॉलमचा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी पटकन शोधायची यादी, असून नसल्यासारखा, डेटाबेस प्रत्येक ओळीचा डॅश काढून काढून तपासत बसतो. त्याऐवजी हे काम पार्ट भरताना एकदाच करून ठेवायचं. छापल्याप्रमाणे नंबर एका कॉलममध्ये, तो फक्त दाखवायला. दुसऱ्या कॉलममध्ये साफ केलेला, म्हणजे नुसती अक्षरं-आकडे, सगळं कॅपिटल, मराठी आकडे इंग्रजी केलेले. इंडेक्स या दुसऱ्यावर. जनरेटेड कॉलम, म्हणजे दुसऱ्या कॉलमवरून डेटाबेस स्वतःच भरतो तो, मायएसक्यूएल ५.७ मध्येही आहे आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १२ व्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळं पार्ट भरणाऱ्या माणसाला काही वेगळं करावंच लागत नाही.

आणि तिसरा एक ढिला कॉलम ठेवा ज्यात ओ अक्षराचा शून्य आणि आय अक्षराचा एक केलेला असेल. ग्रीसने माखलेल्या डब्यावर ओ आहे का शून्य हे कोणाला कळतंय? चेसिस नंबर ठरवणाऱ्यांनी तर १७ अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू वापरायचेच नाहीत असं ठरवून टाकलंय, पार्ट नंबर काढणाऱ्यांनी तेवढी दया दाखवली नाही. मात्र हा ढिला कॉलम फक्त दुसऱ्या प्रयत्नासाठी, साफ नंबरावर काहीच नाही सापडलं तरच, आणि त्यावर युनिक (तोच नंबर दोनदा नको ही अट) वगैरे लावू नका. युनिक लावायचं ते ब्रँड अधिक साफ नंबर या जोडीवर, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचा सारखा नंबर आणि पार्ट एकदम वेगळे, असं निघतंच.

एक गंमत सांगतो जी मायएसक्यूएलवाल्यांना लवकर सापडत नाही. पार्ट नंबरचा कॉलम टेक्स्ट आहे आणि प्रोग्रामने क्वेरीत ६२०५ हा अवतरण चिन्हाशिवाय, म्हणजे आकडा म्हणून पाठवला, तर मायएसक्यूएल कॉलममधल्या प्रत्येक टेक्स्टचा आकडा करून तुलना करतो. इंडेक्स गेला तो गेलाच, वर ६२०५झेडझेड पण ६२०५ समजून घेतो. म्हणजे हळू पण आणि चूक पण. तुमच्या लॉगमध्ये अशी क्वेरी आहे का बघाच.

बेरिंगचा विषय निघालाच तर, साफ करायच्या नादात मागची अक्षरं उडवू नका. ६२०५ म्हणजे आत २५, बाहेर ५२, जाडी १५ मिलिमीटर, एवढंच तो आकडा सांगतो. मागे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंनी पत्र्याची शील्ड, टूआरएस असेल तर रबरी सील, तेच एनएसके डीडीयू म्हणून लिहितो आणि एनटीएन एलएलयू म्हणून. सी३ असेल तर आतली ढिलाई जास्त. मेकॅनिकला सीलवालं पाहिजे आणि पोराने उघडं दिलं तर पावसाळ्यात ते बेरिंग परत तुमच्याच काउंटरवर येणार. मागच्या अक्षरांचं एक छोटं टेबल करा, कोणत्या ब्रँडचं काय म्हणजे काय, आणि सर्चच्या निकालात ते मराठीत दिसू द्या.

अर्धं सर्च करायची सवय सगळ्यांनाच असते, शेवटचे चार आकडे टाकले आणि शोधलं. क्वेरीत लाइक लावून पुढं-मागं दोन्हीकडं टक्का (म्हणजे तिथं काहीही चालेल) लावला की साधा इंडेक्स काही कामाचा नाही, कारण इंडेक्स सुरुवातीपासून लावलेला असतो आणि तुम्ही मधलं विचारताय. माझी शिफारस पोस्टग्रेसला जायची आहे ती मुख्यत्वे याच्यासाठी. त्यात ट्रायग्रामचं एक्स्टेंशन आहे, ते नंबराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून जिन नावाच्या इंडेक्समध्ये ठेवतं आणि मधलं काहीही विचारा, मिलिसेकंदात उत्तर. अट एवढीच की कमीत कमी तीन अक्षरं पाहिजेत, म्हणून स्क्रीनवरच अट घाला की चार अक्षरं झाल्याशिवाय सर्च सुटणार नाही. सुरुवातीपासून शोधायचं असेल तर साधा बी-ट्री इंडेक्स पुरतो पण त्यात पण एक पाचर आहे, डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) सी नसेल तर लाइकसाठी नेहमीचा इंडेक्स वापरलाच जात नाही, तिथं इंडेक्स करताना पॅटर्न ऑप्स द्यावं लागतं. इंडेक्स आहे तरी हळू का, असं ज्यांचं ज्यांचं रडगाणं ऐकलंय त्यात हे कारण हमखास निघतं.

मायएसक्यूएलवरच राहायचं असेल तर राहा, जमत नाही असं नाही, असेच अक्षरांचे तुकडे करणारा फुलटेक्स्टचा एनग्राम पार्सर तिथंही आहे. पण ५.७ वर नको, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला संपलाय.

आता गाडीला काय लागतं ते, फिटमेंट. तुमचा मेमो कॉलम मी बघितला, बोलेरो डीआय / कॅम्पर / मॅक्सी ट्रक सर्व मॉडेल, असं काहीतरी लिहिलेलं. बोलेरो २००० साली आली आणि नाव अजून तेच आहे, पण मधे २०१६ ला छोटं दीड लिटरचं इंजिन आलं, मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम. त्यामुळं गिऱ्हाईक नुसतं बोलेरो म्हणालं तर क्लचप्लेट कोणती, हे त्या मेमोत वाचून पोराला ठरवावं लागतं, आणि पोरगं नवीन असेल तर आतून मोठ्या शेठला हाक मारतं. स्प्लेंडरचं तेच, गाडी तीच पण २०११ च्या आधीची हिरो होंडा आणि नंतरची हिरो, आणि बीएस-६ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. कंपनीचं नाव, मॉडेल, इंजिन, बीएस स्टेज, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं मिळून एक व्हेरिएंट, त्याला एक आयडी. गाड्यांचं टेबल छोटंच असतं, काही हजार ओळी. मग मधे एक अरुंद टेबल, फक्त दोन आकडे, गाडीचा आयडी आणि पार्टचा आयडी. लागलंच तर पुढं-मागं, डावं-उजवं असं एक छोटं पोझिशन.

हे टेबल मोठं होतं आणि लोक तिथंच घाबरतात. हिशोब करा. बारा लाख पार्ट, सरासरी तीस गाड्या धरल्या तर ३ कोटी ६० लाख ओळी. पोस्टग्रेसमध्ये दोन इंटिजरची एक ओळ साधारण ३६ बाइट घेते, म्हणजे टेबल सव्वा-दीड जीबी, त्यावर दोन बाजूंनी दोन इंडेक्स, सगळं मिळून तीनेक जीबी. १६ जीबी रॅमच्या साध्या मशीनमध्ये हे पूर्ण मेमरीत बसतं. तुमचा आत्ताचा मेमो कॉलम मात्र प्रत्येक सर्चला डिस्कवरून ओढला जातोय. इंडेक्स दोन्ही बाजूंनी लागतो बरं का, गाडी देऊन पार्ट शोधायला एक आणि पार्ट देऊन गाड्या शोधायला दुसरा. मायएसक्यूएलमध्ये केलं तर प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) गाडी आधी, पार्ट नंतर अशी ठेवा, इनोडीबी (मायएसक्यूएलचा ओळी साठवणारा भाग) प्रायमरी कीच्या क्रमानेच ओळी मांडतो त्यामुळं एका गाडीचे सगळे पार्ट शेजारी शेजारी येतात.

वर्षाचं फार डोकं लावू नका. काही लोक प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ करतात, काही लोक रेंज इंडेक्सच्या मागे लागतात. एकदा मॉडेल निवडलं की व्हेरिएंट पाच-दहाच उरतात, त्यातून वर्ष गाळायला डेटाबेसला काहीच लागत नाही.

मेमोतून हे टेबल करायचं कसं, हा खरा घाम काढणारा भाग. सगळे मेमो स्लॅश आणि स्वल्पविरामावर तोडा, तुकडे मोजा, जास्तीत जास्त वेळा आलेला वर. वरचे काही शे तुकडे बहुतेक सगळा कॅटलॉग झाकतात असं मी प्रत्येक ठिकाणी बघितलंय, तेवढे हाताने व्हेरिएंटला जोडा. आणि ते काम कॉम्प्युटरवाल्या पोराला देऊ नका, काउंटरवरच्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसवा, चहा पाजा आणि विचारत जा. खाली उरलेले विचित्र तुकडे वेगळ्या टेबलात न जुळलेले म्हणून पडू द्या, रोज थोडे थोडे संपवा. सगळं शंभर टक्के जुळल्यावरच सुरू करू असं म्हणाल तर ते कधीच सुरू होणार नाही. अमेरिकेत याच कामासाठी एसेस नावाचं स्टँडर्ड आहे, युरोपात टेकडॉक, तिथं कंपनीच ठरलेल्या साच्यात फिटमेंट देते. आपल्याकडं कंपनी पीडीएफ देते, नशीब असेल तर एक्सेल. म्हणून हा माणूस बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

नावांचं एक वेगळं टेबल लागेल. काउंटरवर माणूस येतो आणि म्हणतो, भो, छोटा हत्तीना मागला शॉकप शे का (मागचा शॉकअप आहे का). छोटा हत्ती म्हणजे टाटा एस हे पोराला माहीत आहे, डेटाबेसला नाही. चारशेसात, पिकअप, पाचशेपंच्याहत्तर, मरगड, चेनसॉकेट, सेल्फ, पाटा, लायनर, हे सगळे शब्द त्या टेबलात खऱ्या मॉडेलला किंवा पार्टच्या प्रकाराला जोडून ठेवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग. यादी घरी बसून करू नका, सर्चमध्ये लोकांनी काय टाइप केलं आणि काहीच सापडलं नाही याचा लॉग ठेवा, महिनाभरात यादी आपोआप तयार होते. यासाठी इलॅस्टिकसर्च लागत नाही. ते वाईट नाही, पण मग डेटा दोन ठिकाणी, एकीकडं भाव बदलला दुसरीकडं नाही, आणि रात्री दहाला ते बंद पडलं तर जळगावात बघणार कोण?

ऑइल सील आणि बेरिंगवाले नंबर विचारतच नाहीत, जुना सील घेऊन येतात, व्हर्नियर लावून ३५-५२-७ म्हणतात. तुमच्याकडं हे माप वर्णनाच्या टेक्स्टमध्ये आहे. आत, बाहेर, जाडी असे तीन आकड्यांचे कॉलम काढा, तिघांवर मिळून एक इंडेक्स, बास. ज्या मापांवर रोज सर्च होतो तेवढ्यांनाच खरे कॉलम, बाकी वजन, रंग, बॉक्समध्ये किती नग ही किरकोळ माहिती पोस्टग्रेसच्या जेसनबी (मोकळ्या साच्याच्या) प्रकारच्या एका कॉलममध्ये टाकून द्या. गुणधर्माचं नाव आणि किंमत अशा ओळींचं टेबल मात्र करू नका, एका सीलसाठी ते टेबल तीन-तीन वेळा स्वतःलाच जोडत (जॉइन करत) बसावं लागतं.

बदली नंबर. कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते, मग त्याचाही नवा येतो. ही साखळी प्रत्येक सर्चला रिकर्सिव्ह (पायरी पायरीने पुढं जाणाऱ्या) क्वेरीने चालू नका, रात्री एकदा चालवा आणि प्रत्येक पार्टसमोर आत्ता चालू असलेला शेवटचा पार्ट लिहून ठेवा. चालवताना किती पायऱ्या जायचं याला मर्यादा घाला, कारण अ चा ब आणि ब चा परत अ, असले गोल फेरे डेटात असतातच. आणि दिशा सांभाळा. जुन्याच्या जागी नवा चालतो म्हणजे नव्याच्या जागी जुना चालेलच असं नाही, आणि कधी एका पार्टच्या जागी दोन पार्टची किट येते. म्हणून बदलीचं टेबल आणि दुसऱ्या ब्रँडचा पर्याय असं टेबल वेगवेगळं ठेवा.

जीएसटी पार्टच्या ओळीत कशाला? २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांचे पार्ट २८ वरून १८ टक्क्यांवर आले, ट्रॅक्टरचे ठराविक पार्ट ५ वर आले, त्या रात्री ज्यांच्याकडं दर प्रत्येक ओळीत होता त्यांनी लाखो ओळी अपडेट मारल्या. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे नवी ओळ लिहून जुनी मेलेली तिथंच ठेवणं, व्हॅक्यूम (मेलेल्या ओळींची साफसफाई) होईपर्यंत टेबल फुगलेलं. दर एचएसएन कोडच्या (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणाऱ्या आकड्याच्या) टेबलात ठेवा, कधीपासून लागू ती तारीख टाकून, मग बदल म्हणजे मोजक्या ओळी, आणि जुनं बिल परत काढलं तरी जुनाच दर निघतो. स्टॉक आणि भाव पण वेगळ्या अरुंद टेबलात, ते दिवसभर हलतात, कॅटलॉग महिन्यातून एकदा हलतो, दोघांना एका ओळीत बांधलं की स्टॉक एकने कमी झाला तरी ती सगळी लठ्ठ ओळ हलते.

धुळ्याच्या ब्रांचची तक्रार वेगळी आहे आणि डेटाबेस कितीही पळवला तरी ती जाणार नाही. तिथं पन्नास पार्टची यादी येते आणि प्रोग्राम प्रत्येक पार्टसाठी भाव वेगळा, स्टॉक वेगळा, फोटो वेगळा विचारतो, म्हणजे दीडशे फेऱ्या. जळगावच्या सर्व्हरला एक फेरी ४० मिलिसेकंद धरली तरी सहा सेकंद नुसते रस्त्यात गेले. पन्नास आयडी एकदम देऊन एका क्वेरीत सगळं आणा. आणि यादीच्या वर एकूण ३८,४१२ पार्ट सापडले असं जे दाखवताय ते काढून टाका, कोणी वाचत नाही आणि मोजायला डेटाबेसला सगळं चाळावं लागतं.

डेटा भरताना एक्सेलवर विश्वास ठेवू नका. ते सुरुवातीचे शून्य खातं, ३-१२ ची तारीख करतं, मधे ई असलेल्या नंबराचं भलतंच काहीतरी करतं आणि पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं. कंपनीची फाइल एक्सेलमध्ये न उघडता सरळ एका कच्च्या टेबलात टाका, सगळे कॉलम टेक्स्ट, तपासणी तिथं, मग मुख्य टेबलात. मोठा लोड झाला की अ‍ॅनालाइज चालवा, म्हणजे टेबलाची आकडेवारी ताजी होते, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जुन्याच अंदाजावर चालतो आणि तुम्ही म्हणता काल तर पळत होतं. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये शेअर्ड बफर्स (डेटा धरून ठेवायची मेमरी) मुळात १२८ एमबीच असतात, ते रॅमच्या पाव भागापर्यंत न्या, एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडंतिकडं वाचायचा धरलेला खर्च) ४ वरून १.१ करा. आणि सर्व्हर माळ्यावर पत्र्याखाली ठेवलाय असं तुम्ही सहज लिहिलंय, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तो आधी खाली आणा.

बदली एका रात्रीत करू नका. बिलिंग जुन्यावरच राहू द्या, नवीन डेटाबेस आधी फक्त सर्चसाठी उभा करा, रोज रात्री जुन्यातून भरा. मग जुन्या लॉगमधले खरे सर्च दोन्हीवर चालवून निकाल जुळवा, नव्यात कमी आलं तर का आणि जास्त आलं तर का, दोन्ही बघा. जुन्यात चुकीचे पार्ट दिसत होते हे तेव्हाच कळतं. धुळ्याच्या काउंटरवर आधी सुरू करा, ते लहान आहे. बिलिंग हलवायचं ते मात्र पेरणीच्या आधीच्या ट्रॅक्टर गर्दीत नको आणि दसरा-दिवाळीत तर नकोच. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तुमची निम्मी पोरं गावाला गेलेली असतात आणि काउंटर तसाही थंड असतो, ते दोन दिवस धरा, जुना सर्व्हर महिनाभर तसाच चालू ठेवून.

आत्ता मला दोन गोष्टी पाठवा, स्लो लॉगमधल्या वरच्या पाच क्वेऱ्या त्यांच्या एक्सप्लेनसकट, आणि मेमोच्या तुकड्यांची मोजणी करून वरचे शंभर. ते बघितल्यावर गाड्यांचं टेबल कसं असावं ते नक्की सांगता येईल, ट्रॅक्टरमध्ये बीएस स्टेजऐवजी हॉर्सपॉवर आणि मॉडेलवर गट करावा लागेल असं मला वाटतंय, पण ते तुमचा डेटा बघून.